तन्वीसाठी बर्फाचं सामान

२८ डिसेंबर, रविवार
लेकीचा, तन्वीचा, पुण्याहून फोन. फेब्रुवारीत मैत्रिणींबरोबर काश्मीरला जाणार. बॅककंट्री स्कीइंग. म्हणजे काय ते तिने समजावलं : रोपवे नाही, आखलेला रस्ता नाही. आपणच डोंगर चढायचा आणि जिथे कोणी गेलं नाही तिथून घसरत खाली यायचं. कोणी बर्फाखाली गेलं तर काढणार कोण, असं मी विचारलं. म्हणाली, आम्हीच एकमेकींना.
तिची आई, जानकी, हातातली पळी घेऊन तशीच खाली बसली. मी तिला सांगितलं, काळजीचं कारण नाही. सव्वीस वर्षं मालवणच्या बाजारात होड्यांचं सामान विकतोय. दोरखंड, लाइफ जॅकेट, संकटात आकाशात सोडायचे फ्लेअर. बंदरातले निम्मे ट्रॉलर माझ्या सामानावर तरंगतात. बर्फ म्हणजे थांबलेलं पाणी.
संकल्प : तन्वीचं सगळं सामान मी निवडणार. शिवाय मी बरोबर जाणार.
तन्वीला अजून कळवलेलं नाही.

३० डिसेंबर
अभ्यास. दुकानात गिऱ्हाईक नसल्याने चांगला झाला. तीन वस्तू महत्त्वाच्या : बीकन, प्रोब, फावडं. बीकन छातीवर बांधायचा, तो सिग्नल सोडत राहतो. एखादा गाडला गेला की बाकीचे आपापला बीकन शोधण्याच्या मोडवर टाकतात आणि त्याच्यापर्यंत पोचतात. मग प्रोब, म्हणजे लांब काठी, खुपसून नेमकी जागा बघायची. मग फावडं. सोपं आहे.
हे सगळं साधारण पंधरा मिनिटांत व्हायला हवं, असं लिहिलंय. त्यानंतर कठीण.
ही ओळ जानकीला वाचून दाखवली नाही.

१ जानेवारी
रोज पहाटे रॉक गार्डनपर्यंत चालत जाऊन परत. आजपासून.

२ जानेवारी
उद्यापासून.

५ जानेवारी
तन्वीला दुकानातल्या फावड्याचा फोटो पाठवला. अस्सल लोखंड, सागवानी दांडा. तिचं म्हणणं, पाठीवर घेऊन चढायचं असतं, हलकं अॅल्युमिनियमचं लागतं, दांडा वेगळा होणारं. आणि गाईड सगळं सामान भाड्याने देतोय, तपासलेलं.
मी विचारलं, भाड्याचं लाइफ जॅकेट घालून कोणी समुद्रात उतरतं का? ती म्हणाली, मालवणात येणारा प्रत्येक टुरिस्ट तेच करतो.
आवाज नीट येत नव्हता. फोन ठेवावा लागला.

९ जानेवारी
पार्सल आलं. दोन बीकन, एक तिला, एक मला. स्कीचे बूट, फक्त माझे, ऑनलाइन घेतले, जुने पण भक्कम. एक नंबर लहान आहेत. बूट घट्टच हवेत असं सगळीकडे लिहिलंय, म्हणजे योग्यच झालं.
बीकनच्या पुस्तिकेत लिहिलंय की नवीन अल्कलाइन बॅटरीच घाला, रिचार्जेबल चालणार नाही. या कंपन्यांना बॅटऱ्या खपवायच्या असतात. दुकानातल्या टॉर्चच्या रिचार्जेबल घातल्या. दिवा लागला.

१२ जानेवारी, सोमवार
चिवल्याच्या किनाऱ्यावर रंगीत तालीम. बाबू तांडेल सोबत. शाळेपासूनचा मित्र, आता स्वतःचा ट्रॉलर आहे. बीकन डब्यात घालून त्याच्याकडे दिला. मी पाठ फिरवली, त्याने वाळूत पुरला. घड्याळ लावलं. पंधरा मिनिटं.
माझ्या बीकनवर काहीच दिसेना. पुस्तिका घरी. बाबूला म्हटलं, निदान कुठे पुरलास ते दाखव. त्याने आजूबाजूला पाहिलं आणि म्हणाला, "हयच खंय तरी होता रे."
दोघांनी उकरायला सुरुवात केली. रापणीचं जाळं ओढणारे चारजण मदतीला आले. टुरिस्ट जमले. कोणीतरी वनखात्याला फोन केला की इथे कासवाची अंडी चोरतायत. गार्ड आला. त्याला बर्फ, डोंगर, काश्मीर हे सगळं सांगितलं. त्याने माझं नाव, पत्ता लिहून घेतला.
शेवटी मासे वेचायला आलेल्या रुक्मिणीने अनवाणी पायाने वाळू चाचपत डबा शोधून दिला. लागलेला वेळ : एक तास पन्नास मिनिटं.
घरी येऊन पुस्तिका पाहिली. दोन्ही बीकन सिग्नल सोडत होते. शोधत कोणीच नव्हतं. आता बटण कळलं, पण बॅटरी संपली.
निष्कर्ष : प्रोब घ्यावाच.

१२ जानेवारी, पुन्हा
पंधरा मिनिटांचं जानकीला कळलं. बाबूने गंमत म्हणून सांगितलं. ती हसली नाही. जेवायला वाढलं, स्वतः बसली नाही. मग एकच विचारलं, "तुमी तिका असां शोधतलात?"
कढी खारट झाली होती.

१५ जानेवारी
गाईडचा फॉर्म मिळवून भरला. स्कीइंगचा अनुभव : वॉटर स्कीइंग, तारकर्ली, एकदा. किती वेळ उभे राहिलात असं कुठे विचारलेलं नाही. इतर कौशल्ये : पोहणे, गाठी मारणे.

१७ जानेवारी
गाईडचा फोन. हिंदीत बोलला, फार अदबीने. वजन दोनदा विचारलं. म्हणाला, हरिश्चंद्रजी, आप जैसे लोगों की घर पर ज़रूरत होती है. माणसाची पारख आहे त्याला. माझी भूमिका बेस कँपची असणार. घर म्हणजे बेस कँपच.
संध्याकाळी तन्वीचा फोन. फॉर्मचं गाईडने तिला सांगितलं. ओरडली नाही. अगदी हळू बोलली, तिच्या आईसारखी. "बाबा, तुम्ही मला एकदा विचारलंत तरी का?"
नेटवर्क गेलं. म्हणजे मीच बंद केलं.

१९ जानेवारी
बेस कँपच्या माणसाचीही तयारी हवी. बूट पायात रुळवण्यासाठी रोज दोन तास दुकानात घालून बसणार. गिऱ्हाईकं पायाकडे बघतात. एकाने विचारलं, फ्रॅक्चर झालाहा काय?

२१ जानेवारी
दुकानाच्या पायरीवरून पडलो. पायाला काहीही झालं नाही. बूट उत्तम आहेत.
उजवं मनगट मोडलं.

२२ जानेवारी
डाव्या हाताने लिहितोय. प्लास्टर. डॉक्टर म्हणतात सहा आठवडे. बूट काढायला कंपाउंडर आणि बाबू, दोघं लागले.

२४ जानेवारी
जानकीने फोन स्पीकरवर ठेवून तन्वीला कळवलं. तन्वी म्हणाली, ट्रिप रद्द करते, घरी येते. जानकीचा चेहरा खुलला. "ये गो बाय, तू येच," असं तीनदा म्हणाली. मी आतल्या खोलीत पडून ऐकत होतो.
ती आली तर काश्मीर नाही. बर्फ नाही. पंधरा मिनिटं नाहीत. हात मोडून का होईना, काम झालं होतं. खरं लिहायचं तर मला २८ डिसेंबरपासून हेच हवं होतं.
मग तन्वी म्हणाली, पाच वर्षं ठरवत होते, पुढच्या वर्षी बघू. अगदी साधेपणाने म्हणाली.
उठलो. फोन घेतला. सांगितलं, बारीक चीर आहे, बारा दिवसांत प्लास्टर निघेल. येऊ नकोस. जा. आणि सामान गाईडचंच घे.
तन्वी म्हणाली, नक्की ना बाबा? मी म्हटलं, नक्की.
जानकी दिवसभर माझ्याशी बोलली नाही. भात मात्र कालवून दिला. मला डाव्या हाताने कालवता येत नाही.

७ फेब्रुवारी, शनिवार
तन्वी पोचली. विचारलं, बीकनमध्ये बॅटरी कुठली? नवीन अल्कलाइन, गाईडने स्वतः घातल्या. मी म्हटलं, तेच बरोबर. उद्यापासून वर नेटवर्क नसेल म्हणाली.

८ फेब्रुवारी
फोन नाही.

९ फेब्रुवारी
फोन नाही. दुकान उघडलं. बाबू येऊन बसला. दुकान लवकर बंद केलं.

१० फेब्रुवारी
टीव्हीवर काश्मीरचं हवामान. जानकीने बंद केला. मी लावला. तिने बंद केला. मग दोघं धामापूरला जाऊन आलो, भगवतीच्या देवळात. एका हाताने नमस्कार केला.

११ फेब्रुवारी, दुपारी
फोन आला. सुखरूप आहे.
काल एका उतारावर चढत होते. पायाखाली बर्फ आतून धप्पकन बसल्यासारखा वाजला. बाकीच्या पुढे निघाल्या होत्या. हिचे पाय उचलेनात. पुण्याला गेल्यापासून फोनवर मालवणी बोलत नाही, आज बोलली. "बाबा, मी भियालंय. सगळ्यांसमोर सांगितलंय, माका पुढे जावचा नाय."
गाईडने खड्डा खणून बर्फाचे थर पाहिले आणि सगळ्यांना माघारी फिरवलं. आज सकाळी तो अख्खा उतार खाली आला. त्यावर कोणी नव्हतं.
मी म्हटलं, बरं केलंस. जानकीने फोन ओढून घेतला, नुसती रडत होती.

११ फेब्रुवारी, संध्याकाळी
जेवताना जानकीला सांगितलं, ही माझीच शिकवण. शंका आली की मागे फिरायचं, हे मी तिला पहिल्या दिवसापासून सांगत आलो. जानकीने विचारलं, "कधी सांगितल्यात?"
डायरी काढली. पहिल्यापासून वाचली. फावडं आहे, बूट आहेत, बॅटरी आहे. असा सल्ला कुठेच नाही.
३० डिसेंबरच्या पानावर खाली दोन ओळी मावतील एवढी जागा आहे. पण डाव्या हाताचं अक्षर जुळणार नाही.
प्लास्टर निघायला अजून तीन आठवडे.