एकही ओरखडा नाही

प्रिय भोपळ्या,

रविवार, नऊ मार्च, सकाळी आठ वाजून चाळीस मिनिटं. या वेळी तू माझ्या बाथरूममधून बाहेर आलास, आजोबांपासून बाबांकडे आणि बाबांकडून तुझ्याकडे आलेला वस्तरा जेवणाच्या टेबलावर ठेवलास, "तुझ्याकडेच राहू दे, आई" म्हणालास आणि चहाला तोंडही न लावता चालता झालास. अर्ध्या चेहऱ्यावर साबण तसाच. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी दुपारी मुद्दाम वर येऊन विचारलं, "मुलाचं काही बिनसलंय का हो?" मी म्हटलं, "जन्मापासून." त्यानंतर तू माझा फोन घेत नाहीस. सूनबाई घेते आणि दर वेळी सांगते, ते आंघोळीला गेलेत. इतक्या आंघोळींनी माणूस एव्हाना विरघळायला हवा होता.

म्हणून लिहायला बसले. माझ्या लहानपणी कॉन्व्हेंटमध्ये दोन मुलींचं भांडण झालं की सिस्टर दोघींना दोन टोकांच्या बाकांवर बसवून झालेला प्रकार लिहून काढायला लावायच्या. त्यांचं म्हणणं, खोटं बोलायला एक क्षण पुरतो, पण लिहायला बसलं की हात अडखळतो. माझा आत्ता अडखळतो आहे.

आधी तुझं माप तुझ्या पदरात घालते. धार लावायचा चामडी पट्टा खिडकीच्या हुकाला अडकवून तू ओढून धरलास, तिथवर ठीक होतं. पण वस्तरा पट्ट्यावर फिरवायचा तो पाठ पुढे आणि धार मागे, आणि टोकाला पोचल्यावर पाठीवरूनच उलटायचा. तू धारेवरून उलटवलास आणि चामड्याला चीर पाडलीस. आजोबांच्या हातचा पट्टा तो. दुसरं, गरम पाण्याचा टॉवेल गालावर ठेवून केस मऊ होऊ द्यायचे असतात. तू तो चष्मा पुसावा तसा फिरवलास. तिसरं, साबणाच्या वडीला टेकवून तू फोन उभा केला होतास आणि त्यातला माणूस तुला दाढी करायला शिकवत होता. त्याची स्वतःची दाढी छातीपर्यंत होती! माझ्याच्यानं बघवलं नाही. "बंद कर तो जोगडा," म्हणत मी आत घुसले.

आणि मग मी तुला पकड शिकवली. अंगठा वर, मूठ बाहेर, कोपर उचललेलं. तू म्हणालास, "आई, हे अवघड वाटतंय गं." मी म्हटलं, "अवघड वाटतंय म्हणजे बरोबर असणार, तुला सोपं ते सगळं आजवर चुकतच आलंय." तू ऐकलंस. एरवी साधी छत्री घेऊन जा म्हटलं तर ऐकत नाहीस, त्या दिवशी मात्र निमूट ऐकलंस. गालावरून पातं नीट उतरलं. जबड्याच्या कोपऱ्याशी धार उभी राहिली आणि आत गेली. साबण गुलाबी झाला, सूनबाई कापूस घेऊन धावत आली, आणि मी हसले. नुसती हसले असते तरी निभावलं असतं. तिच्यासमोर म्हणाले, "तुझे बाबा शेवटच्या आठवड्यापर्यंत याच वस्तऱ्यानं दाढी करायचे. एकही ओरखडा नाही. तुला हात आहेत की नुसत्या बाह्या?"

तुझा चेहरा कसा झाला ते मी पाहिलं. पाहूनही थांबले नाही. "वस्तऱ्यालाही वारस कळतो," असंही वर बोलले. तू वस्तरा धुतलास, पुसलास, मिटलास. रक्त गळ्यावर येत असताना आधी पातं कोरडं केलंस. हे मी त्या वेळी पाहिलं आणि बोलले मात्र नाही.

तुझ्या बाबांचं कौतुक तुला किती होतं, ठाऊक आहे मला. तू सुट्टीला आलास की ते बाथरूममधून गाल चोळत बाहेर यायचे आणि तुझ्यापुढे हनुवटी करायचे, "बघ, एकही ओरखडा नाही." तू बोट फिरवून बघायचास. लहानपणीही असाच बघायचास. मग ते पेपर घेऊन बसायचे, तो हातात न धरता मांडीवर पसरून. का, ते तू कधी विचारलं नाहीस आणि आम्ही सांगितलं नाही.

आता सांगते. शेवटची तीन वर्षं त्यांचे हात थरथरत होते. कपही धरवत नव्हता. ती दाढी मी करत होते. दाराला आतून कडी, नळ सोडलेला, ते स्टुलावर, मी मागे उभी, त्यांचं डोकं माझ्या पोटाला टेकलेलं. मला फक्त तीच पकड येते, भोपळ्या, दुसऱ्याच्या मागे उभं राहून धरायची. स्वतःच्या तोंडावर ती तशी धरली तर जबड्याशी धार उभीच राहणार. आयुष्यभर मुलींना भूमिती शिकवली आणि आरशापुढच्या माणसाचा कोन मला कळला नाही. तुला कापलं ते माझ्या शिकवण्यानं, आणि तुला हिणवलं ते माझ्याच हाताचं कौतुक बाबांच्या नावावर खपवून. त्यांनी मला दोन गोष्टी सांगितल्या होत्या. पोराला हे कळू देऊ नकोस. आणि तो वस्तरा धरायला शिकेल तेव्हा त्याला कुणी हसू नये. त्यांना त्यांचे वडील हसले होते, ते ते विसरले नव्हते. दुसरी मी रविवारी मोडली, म्हणून आज पहिली मोडते आहे. मला लाज वाटते. समोर बसून मी हे बोलले नसते, मध्येच तुझ्या शर्टाच्या कॉलरवर घसरले असते. वस्तऱ्याला तेलाचा थेंब लावून ठेवला आहे. तू ये. आरशापुढे तू उभा राहा, फोन पुन्हा साबणाला टेकवून ठेव, त्या दाढीवाल्याचंच ऐक. मी दाराबाहेर बसेन आणि तोंड उघडणार नाही. येणार की नाही, ते शुक्रवार, एकवीस मार्च, संध्याकाळी पाचच्या आत मला लेखी हवं आहे, तुझ्या हातचं. फोनवर "बरं, आई" म्हणून सुटका नाही. आणि सूनबाईनं लिहिलं तर अक्षर मला ओळखू येतं.

तुझीच, रविवारी हसलेली,
आई