चिनी औषधाचं उटणं

मुक्काम आमगाव,
८ नोव्हेंबर १९५६

श्रीमान बकारामदादा यांस शालीकरामचा नमस्कार. दोन नमस्कार धरावेत, एक रीतीचा आणि एक शरमेचा. नागपुरात थंडी पडली असेल, आपला दमा कसा आहे? वहिनींनाही नमस्कार. इकडे धान कापणीला आलं आहे, एवढंच काय ते बरं.

उन्हाळ्यात तुम्ही लिहिलं होतं की शामकलेच्या छातीतली गाठ नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात दाखवा. मी उलट टपाली कळवलं, तुमच्या बहिणीसाठी कलकत्त्याहून चिनी औषध आणलं आहे, चाकूचं काम नाही. (तांदळाची वॅगन घेऊन गेलो होतो आणि चार दिवसांत त्या शहराचा जाणकार होऊन परतलो.) तुम्ही विज्ञानाचे मास्तर. शांतपणे लिहिलंत की झाडपाल्यातून या रोगावर औषध एक दिवस निघेलही, चीनमधले लोक शोधतही असतील, पण ते गाळून, मोजून, तपासून निघेल. तोवर गाठ थांबत नाही. ते पत्र मी चावडीवर वाचून दाखवलं आणि लोकांना हसवलं.

औषध म्हणजे तिथल्या एका चिनी म्हाताऱ्या औषधवाल्याने दिलेल्या वाळक्या मुळीच्या चकत्या. मातीच्या गाडग्यात, लोखंड न लावता, तीन पेले पाण्याचा एक पेला काढा. रोज मीच करायचो. (धुराने डोळे लाल झाले की लोकांना वाटे, बायकोच्या काळजीने रडतो. मी तसं वाटू दिलं.) गावात माझा भाव वाढला. शेजारच्या दुधरामच्या बैलाच्या खांद्यावरची गाठसुद्धा मी दोन लेपांत घालवली. पंधरा दिवस जू उतरवलं असतं तरी ती गेली असती, पण हे तेव्हा सुचलं नाही.

मग दिवाळी आली. माझ्या आईने उरलेलं सगळं औषध कुटून उटण्यात घातलं आणि सगळं घर त्यात न्हालं, शेजारीही न्हाले. मी बोंब ठोकली. आईने फडताळातून स्वतःची पुडी काढून पुढ्यात ठेवली. त्यात कचोरा होता, दरसाल उटण्यात घालतो तोच, आपल्या रानातला. रंग तोच, वास तोच. "कायले बोंबलून राहिलास? घरात जास्तीचा दिसला, मनून घातला," म्हणाली. सहाशे मैलांवरून मी कुंपणापलीकडचा कचोरा आणला होता.

त्या चिनी म्हाताऱ्याला दोष देऊ नका. त्याच्या देशात ही मुळी गाठीवर देतात म्हणे. शिवाय पुडी बांधताना त्याने मला दोनदा बजावलं होतं, "पहले अस्पताल में दिखाओ." हे मी कुणालाच सांगितलं नाही, तुम्हालाही नाही. दादा, चाकूची भीती तिला नव्हती, मला होती. गाठ सुपारीएवढी होती, आता लिंबाएवढी आहे.

आपला अपराधी,
शालीकराम

ता. क. मंगळवारच्या गाडीने तिला घेऊन येतो. स्टेशनावर यावं आणि दवाखान्यातही तुम्हीच पुढे व्हावं. इतके महिने कुठे होता, असं डॉक्टरने विचारलं तर मी तुमच्या पाठीमागे उभा असेन.

आणखी ता. क. हे पत्र शामकलेला वाचून दाखवलं. म्हणाली, "मले पयल्याच रोजी वासानं समजला, का हा कचोरा आहे." मग काऊन पीत होतीस, विचारलं. "तुमी रोज माह्यासाठी चुलीजवळ बसत होते. मले बरं वाटे."

दादा, मंगळवार खोडावा. उद्याच निघतो. बहुतेक पत्राआधी आम्हीच पोहोचू, तरी हे टपालात टाकतो. तोंडाने सांगणं मला जमणार नाही.