अण्णांच्या गाडीला चाकं बसत नाहीत

तीर्थरूप दादास,

धाकट्याचा नमस्कार. तुझी तब्येत बरी असेल, गुडघा पूर्वीइतकाच दुखत असेल (कमी दुखत असेल तर आनंदच आहे, पण आपल्या घराण्यात गुडघे सुधारल्याचं ऐकिवात नाही), वहिनी आणि मुलगी मजेत असतील असं धरून चालतो. इकडे सगळं ठीक आहे असं पुढे लिहायची पद्धत आहे, पण ठीक नाही, म्हणून ते वाक्य गाळतो. नऊ वर्षांतलं पहिलंच पत्र, तेव्हा तुला आदरानं 'आपण' लिहायचं ठरवून बसलो होतो, आणि पहिल्याच ओळीत 'तू'वर घसरलो. फोन का केला नाही म्हणशील. फोनवर तू 'हं' म्हणतोस. अण्णांच्या पोटातल्या गाठीचं सांगितलं तेव्हाही तू 'हं' म्हणालास आणि तो 'हं' आम्ही नवराबायको दोन दिवस चघळत बसलो. ही म्हणाली, त्यांना फार लागलं असेल. मी म्हणालो, त्याच्या तोंडात घास असेल. पत्राला 'हं' म्हणता येत नाही, म्हणून हा कागद.

तर डॉक्टरीणबाईंनी शेवटचे रिपोर्ट पाहिले, चष्मा काढून पुसला, परत घातला, आणि आता महिने धरू नका, आठवडे धरा, असं सांगितलं. अण्णा समोरच बसले होते. किती आठवडे, म्हणाले. सहा, फार तर आठ, बाई म्हणाल्या. "सहा की आठ ते नक्की सांगा, असं माप घेऊन फळी कापता येत नाही," म्हणाले. (बाई बिचाऱ्या रडकुंडीला आल्या. मी त्यांची माफी मागितली. कशाबद्दल ते मलाही कळलं नाही.) घरी आलो. चपला काढता काढता भिंतीकडे बघून म्हणाले, मला थोरल्याकडे ने, आपल्या गाडीतून. या घरात नऊ वर्षं 'थोरला' हा शब्द कुणी काढला नव्हता. बायकोच्या हातातलं पातेलं खाली पडलं, आणि ती सहसा काही पाडत नाही.

ते भांडण तुला आठवत असणारच. सुताराच्या थोरल्या मुलानं तयार दारांच्या कारखान्यात नोकरी धरली, म्हणून अण्णांनी शेडमध्ये चार गिऱ्हाइकांसमोर सांगितलं होतं, की माझ्या गाडीचं चाक तुझ्या दाराला लागणार नाही. आणि तू, तुझी जीभ काही कमी नव्हती, म्हणालास, लागलं तरी मी दार उघडणार नाही. दोघांनीही शब्द पाळला, कौतुक आहे. आता मी म्हटलं, अण्णा, टॅक्सी करू, गाद्या घालू, तीन तासांत पोचू. तर म्हणाले, टॅक्सीनं गेलो तर शब्द मोडल्यासारखं कुठं होतं? मी गाडीच्या चाकाचं बोललो होतो, गाडीच्या चाकानंच मोडणार. यावर बायको (तिला अशा वेळी तर्क सुचतो) म्हणाली, पण चाकं नवीन घातली तर ती बोललेली चाकं कुठं राहिली? अण्णा अर्धा तास विचारात पडले आणि शेवटी म्हणाले, बोल्ट तेच आहेत ना.

नवीन चाकं घालायची वेळ का आली, ते सांगतो. पिकअप दीड वर्ष दारात उभी होती. डिस्क गंजून पापुद्रे सुटलेले, पुढच्या उजव्या चाकाला भोकापासून कडेपर्यंत तडा, आणि तसली चाकं कंपनीनं करायची केव्हाच सोडलेली. म्हणजे बाहेरची, दुसऱ्या कुणी केलेली, पण आपल्या गाडीला बसतील अशी शोधायची. मला वाटलं होतं, चाक गोल असतं आणि गोल म्हटलं की बसतं. दादा, चाकाइतकी आडमुठी वस्तू मी पाहिली नाही, आणि मी कोणाच्या घरात वाढलो ते तुला ठाऊक आहे. भोकं किती, समोरासमोरच्या दोन भोकांत अंतर किती, मधलं मोठं भोक केवढं, बोल्टवर टेकणारी पाटी चाकाच्या मध्यापासून किती आत की बाहेर, वजन किती पेलतं. यातलं एक जरी चुकलं तरी बाकीचं बरोबर असण्याला काही किंमत नाही. गाडी चार लाकडी ठोकळ्यांवर चढवली आणि अण्णांची खाट खिडकीशी ओढली, म्हणजे त्यांना देखरेख करता येईल. तिथून ते मला दिवसभर सूचना देत.

पहिली चूक आपल्या घराण्याची आहे, कुठल्याही दुसऱ्या घरात ती झाली नसती. अण्णांची टेप तुला आठवते. पहिला इंच तुटलेला, म्हणून एकपासून धरायचं आणि जे येईल त्यातून एक वजा करायचा. तू, मी, आई, सगळे त्या टेपवर लहानाचे मोठे झालो. नवी टेप हातात आली तरी माझा एक वजा होतो. बायकोनं भोकांमधलं अंतर मोजलं, साडेसहा आलं, तिनं घरच्या रीतीनं एक वजा करून मला साडेपाच सांगितलं. मी घरच्या रीतीनं एक वजा केला आणि बाजारात जाऊन साडेचार सांगितलं. चाकांच्या दुकानदाराला सगळे 'चकाकी' म्हणतात, कारण त्याच्या दुकानात तो स्वतः धरून सगळं पॉलिश केलेलं असतं. सहा भोकं आणि साडेचार इंच म्हटल्याबरोबर त्यानं मला जवळजवळ मिठीच मारली. ही चार चाकं त्याच्याकडे त्याच्या वडिलांच्या काळापासून पडून होती. मला विचार करायला वेळ न देता त्यानं ती स्वतः टेम्पोत चढवली, आणि परत घेत नाही अशी पाटी दाखवली ती त्यानंतर.

घरी आल्यावर चाक बोल्टच्या जवळ जाईना. बायकोनं विचारलं, तुम्ही किती वजा केलात? एक. मीपण एक, ती म्हणाली. खिडकीतून अण्णा हसायला लागले. गाठ सापडल्यापासून पहिल्यांदा हसले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले, मग खोकला आला, मग दुखायला लागलं, आणि मग ते जे कण्हले ते मला तुला लिहून सांगता येणार नाही. औषध द्यावं लागलं. त्या चारांतलं एक चाक आता खाटेशेजारी आडवं ठेवलंय, त्यावर गोळ्यांचं ताट आणि पाण्याचं भांडं असतं. उंचीला अगदी बरोबर आहे.

दुसरा संच मापानं घेतला आणि माझ्या हौसेनं बिघडवला. चकाकीनं रुंद, रुपेरी, फुलांच्या पाकळ्यांसारखी चाकं दाखवली आणि मी भाळलो. (तुझ्या दारात गाडी जाणार, जरा रुबाबात जावी, असं मला वाटलं. तुला काय वाटेल याचा मी या वयातही विचार करतो, हे माझं दुर्दैव.) बोल्टवर बसली. पण पाटी इतकी आत, की चाकं दोन्ही बाजूंनी चार चार बोटं बाहेर आली आणि स्टिअरिंग फिरवलं की टायर मडगार्डला घासायला लागला. गॅरेजवाल्याला बोलावलं. त्याला आम्ही 'हळूहळू' म्हणतो, कारण तो कशालाही तेच म्हणतो. त्यानं वाकून पाहिलं आणि म्हणाला, सरळ जाईल, वळणार नाही. तुझ्या घरापर्यंत मी चौदा वळणं मोजली. अण्णा आतून ओरडले, "थोरला सरळ रस्त्याला राहिला असता तर चाललं असतं!" हळूहळूला काही कळलं नाही, तरी तो हसला. शेवटी गाडीला टोचन लावून त्याच्या गॅरेजात नेली, कारण दारात रोज चाकं घालायची नि काढायची म्हणजे आळीला फुकटचा तमाशा झाला होता.

तिसऱ्या वेळी अंतर बरोबर, पाटी बरोबर, मधलं भोक बरोबर. मी पेढे वाटायचाच बाकी होतो. अण्णा म्हणाले, पाठीमागे वजन कोरलेलं असतं ते वाच. वाचलं, ती साध्या प्रवासी गाडीची चाकं होती, टनभर माल त्यांनी पेलला नसता. मी चकाकीकडे जाऊन सांगितलं, तर तो म्हणाला, माल काय नेणार आहात? मी म्हणालो, एक म्हातारा माणूस, वजन बेचाळीस किलो. "मग सायकलची चाकं लावा की," तो म्हणाला. मी हसलो, आणि हसता हसता त्या चकचकीत दुकानात माझं तोंड दहा चाकांत दहा वेळा दिसलं, आणि मला तिथं उभं राहवेना. गेल्या वर्षी अण्णा सत्तर किलो होते.

घरी येऊन म्हटलं, अण्णा, तुम्हाला एकट्याला न्यायला एवढी मजबूत चाकं कशाला? तर म्हणाले, एकटा नाही, बाकडं न्यायचंय. आपलं कामाचं बाकडं, शिसवीचं, ज्यावर त्यांनी तुला रंधा धरायला शिकवला. थोरल्याचं आहे ते, त्याला पोचतं करायचं, रिकामी गाडी घेऊन जाणार नाही, म्हणाले. त्या बाकड्यावर नऊ वर्षं मी काम करतोय, दादा. हे मी त्यांना बोललो नाही. तुला बोलतोय, कारण कुणाला तरी बोलायला हवं होतं, आणि मला वाईट वाटलं, अजून वाटतं.

चौथी चाकं काळी, साधी, पोलादी, दिसायला इतकी वाईट की चकाकीनं ती मागच्या खोलीत झाकून ठेवली होती. सगळी मापं बरोबर, वजन सव्वा टन. फक्त नट बसेनात. जुने नट बुडाशी सपाट आणि नव्या चाकांना निमुळते लागतात; सपाट लावले तर हळूहळू सैल होतात (हे वाक्य हळूहळूचंच) आणि चाक रस्त्यात निघून पुढे जातं. चोवीस नट बाहेरून यायचे आहेत. गाडी गॅरेजात आहे आणि आमचं इथे घोडं अडलेलं आहे. डॉक्टरीणबाईंच्या सहापैकी पाच आठवडे झाले. नट आले की निघू. तुझ्या कानावर असावं म्हणून एवढं लांबण लावलं.

वहिनींना नमस्कार, मुलीला आशीर्वाद. तू गुडघ्याला जप.

तुझा,
धाकटा

ता. क. तुझा जुना निळा स्वेटर कपाटात होता, तो बायकोनं अण्णांना घातला. तुझी हरकत नसेल असं धरलं. त्यांना तो फार मोठा होतो.

ता. क. पत्र बंद केलं होतं, परत उघडलं. नटांचं खोटं लिहिलं. नट अकरा दिवसांपूर्वीच आले. चाकं बसली आहेत, चारही, मी स्वतः गाडी गॅरेजच्या आवारात फिरवून पाहिली, दोन्हीकडे वळते, काही घासत नाही. हळूहळू रोज म्हणतो, जागा अडते, गाडी घेऊन जा. अण्णा रोज सकाळी दाढी करवून घेतात, स्वेटर घालून खाटेवर बसतात आणि विचारतात, बसली का? मी सांगतो, नट यायचेत. बाकड्यासाठी मी हे करतोय असं तुला वाटेल. पहिले दोन दिवस खरंच त्यासाठीच केलं, मला त्याची लाज वाटते. पण नंतर भीती वाटायला लागली. तीन तास हादरे खात तो माणूस तुझ्या दारापर्यंत येईल, खाली उतरेल, आणि तू आत असशील. तू बोललास तसं वागतोस, हे मला माहीत आहे, कारण तेही तसेच वागतात. तिथून त्यांना परत गाडीत बसवणं माझ्याच्यानं होणार नाही. काल म्हणाले, राहू दे, घाई नाही. हा शब्द त्यांच्या तोंडून मी जन्मात ऐकला नव्हता. तेही घाबरलेत, दादा.

ता. क. दार उघडशील का, एवढंच कळव. उघडणार असशील तर एका शब्दाचं उत्तर पुरे, दुसऱ्या दिवशी सकाळी निघतो. नसशील तरी कळव, पण माझ्या नावावर आणि लवकर, म्हणजे अण्णांना कळायच्या आत मी चाकं परत काढून ठेवीन.