डाळिंबाची छाटणी

प्रिय,

पुढे काय लिहावं यात दोन कागद वाया गेले. ताई म्हणावं तर तू माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान. अहो-जाहो करावं तर आपण दोघी एकाच घरात नांदलेल्या, फक्त एकीपाठोपाठ एक. तुझी मुलगी भिंगरी मला मावशी म्हणते, म्हणजे नात्यानं तू माझी बहीणच झालीस. सख्ख्या बहिणीशी भांडले नसेन इतकी गेल्या दोन वर्षांत मी मनातल्या मनात तुझ्याशी भांडले आहे. तेव्हा नुसतं ‘प्रिय’च राहू दे. तेही जिवावरच आलंय.

आडपडदा न ठेवता सांगते, मी तुझ्यावर जळते. भिंगरीच्या बाबांची तू पहिली बायको, म्हणून नाही. तुमचं काय बिनसलं ते मी विचारलं नाही आणि विचारणारही नाही. मी जळते ती तुझ्या बागेवर. या घरात आले तेव्हा मी डबे पुसून नव्यानं लावले, पडदे बदलले, पलंग फिरवला. लोकांचे कपडे उसवून दुसऱ्या मापाचे करून देणं हाच माझा धंदा. दुकानात दिवसभर तेच करते, तर घर आपल्या मापात बसवायला काय अवघड, असं वाटलं होतं. पण मागचं दार उघडलं की समोर तू उभी. आणि तुला कुठे शिवण मारायची, ते काही मला सापडेना.

एकदा माळा आवरताना तुझा नकाशा हाती लागला. जाड कागद, कोपऱ्यात तारीख, वर तुझ्या त्या ठसठशीत अक्षरात ‘घरची बाग : मेहनत कमी, शोभा बारमाही’. खाली बारा चौकोन, महिन्याला एक. मी जमिनीवर बसून एकेक चौकोन वाचला. म्हटलं, एखादा तरी महिना रिकामा असेल, तिथे मी माझं काही लावीन. कसलं काय! थंडीत कुंपणावर केशरी फुलांचा वेल, तो ओसरला की जाई, उन्हाळ्यात कर्दळ, मग डाळिंबाची लाल फुलं, मग डाळिंबं, डाळिंबं संपली की त्याचीच पानं पिवळी. आणि अगदीच काही नसेल त्या महिन्यात कोपऱ्यातल्या झाडाच्या सालीचे पापुद्रे सुटून आतलं दालचिनी रंगाचं खोड दिसावं, ही सोय. फुलं नाहीत तर साल! वाचता वाचता माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

बरं, बारा महिने फुलतेस तर फुल, पण निदान राबायला तरी लावायचंस. हिरवळ नाही, म्हणून कापायला नको. वाफ्यांत खडीचा थर, म्हणून तण नाही. खडीखालून थेंब थेंब पाणी सोडणाऱ्या नळ्या आणि नळाला घड्याळ, म्हणून झारीसुद्धा नको. पोरगी पडली तर लागू नये म्हणून डाळिंब सोडलं तर काटेरी काही नाही, तोंडात घातलं तर बाधू नये म्हणून विषारी काही नाही. भिंगरीचे बाबा आल्यागेल्याला कौतुकानं सांगतात की या बागेला हातही लावावा लागत नाही. मी चहाचा ट्रे घेऊन उभी असते आणि ऐकून घेते. तू गेलीस आणि मागे अशी बाग ठेवलीस, की जिला दुसरी बाई लागतच नाही.

मी प्रयत्न केला नाही असं नाही. पहिल्या वर्षी हौसेनं दोन गुलाब आणून कुंडीत लावले. त्यांच्यावर मावा पडला. रोज सकाळी दुकानात जाण्याआधी साबणाचं पाणी फवारत बसायचे. दोन महिन्यांत दोन्ही गेले. भिंगरीनं माझी समजूत काढली. म्हणाली, वाईट वाटून घेऊ नकोस मावशी, गुलाबाचं फार करावं लागतं म्हणूनच आईनं नव्हते लावले. पोर प्रेमानं बोलली, पण मला तोंडात मारल्यासारखं झालं.

आता हल्लीचं सांगते. मागच्या महिन्यात बाग मान टाकायला लागली. आधी कर्दळीची पानं कडेनं करपली, मग जाई सुकली, मग वेलाच्या कळ्या न उमलताच गळाल्या. तुझ्यापाशी खोटं कशाला बोलू? मला मनातून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. दुकानातून आले की पर्स खांद्यावर तशीच ठेवून आधी मागच्या दारी जायचे, आज आणखी काय वाळलं ते बघायला. नळाचं घड्याळ चालू होतं, पाणी वाहत असल्याचा आवाज येत होता, तरी झाडं तहानलेली. काहीतरी चुकतंय हे कोणालाही कळलं असतं. मलाही कळत होतं. मी बारा दिवस गप्प बसले. भिंगरीच्या बाबांनी विचारलं, तर मी म्हणाले, यंदा ऊन लवकर तापलंय.

तेराव्या दिवशी दुकानातली माझी कात्री बिघडली म्हणून घरातली मोठी काढली. माझी कापडाची कात्री, तिला मी कागदसुद्धा लावू देत नाही. पात्याला दोन दाते पडलेले आणि मुठीवर वाळलेला चिखल. भिंगरीला हाक मारली. ती आली, कात्रीकडे बघितलं आणि मला वाफ्याकडे घेऊन गेली. गुडघ्यांवर बसून तिनं हातानं खडी बाजूला केली. खाली नळी कापलेली. चार हात पुढे पुन्हा कापलेली. अशा सात ठिकाणी. दहा वर्षांची पोर, पण काम इतकं नीट की कापल्यावर खडी होती तशी पसरून ठेवलेली. पाणी सगळं पहिल्याच कापापाशी मुरत होतं.

मी रागावले. कात्रीसाठी जास्त रागावले, बागेसाठी कमी. आईची एवढी छान बाग, तिचं का वाटोळं करतेस, असंही म्हणाले, आणि ते म्हणताना माझी मलाच लाज वाटली. ती रडली नाही. तिनं मला सगळं नीट समजावून सांगितलं, गणित समजावतात तसं. तू दर रविवारी फोन करतेस. शाळेचं विचारतेस, दातांचं विचारतेस, शेवटी विचारतेस की बाग बरी आहे ना. ती म्हणते बरी आहे. तू म्हणतेस, मग झालं. चार वर्षं हेच चाललंय. आई आजारी बागा बघायला गावोगाव जाते, तिचं कामच ते आहे, आणि आपली बाग काही केल्या आजारी पडतच नाही. म्हणून भिंगरीनं ती आजारी पाडली. पण तुला फोनवर सांगायची वेळ आली तेव्हा तिचा धीर झाला नाही, कारण तू चिडशील असं तिला वाटलं. मग त्या रविवारीही बरी आहे म्हणाली.

शेवटी तिनं एक विचारलं. नकाशावरची तारीख तिनंही वाचलेली आहे. तू गेलीस त्याच्या आदल्या वर्षाची. आईला परत यायला लागू नये म्हणूनच तिनं अशी बाग लावली का, असं तिनं मला विचारलं. उत्तर मला माहीत नाही. तुला असेल. दोन वर्षं ज्या बागेवर मी जळत होते, तिच्यावर भिंगरी माझ्याआधीपासून जळत होती, आणि मला कधी कळलंही नाही.

मी नळ्या जोडल्या. हार्डवेअरच्या दुकानातून नळीचे जोड आणून सातही ठिकाणी बसवले, भिंगरीनं विजेरी धरली, खडी परत पसरली. बाग सावरेल, तुझी झाडं चिवट आहेत. भिंगरीच्या बाबांना आम्ही काही सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस.

आता हे पत्र का, ते सांगते. त्या दिवशी खडीत बसल्या बसल्या मी तिला एक थाप मारली. म्हटलं, तुला कोणी सांगितलं आई येणार नाही? डाळिंबाची छाटणी राहिली आहे. ती दरवर्षी थंडी सरताना करावी लागते, आणि ज्यानं झाड लावलं त्याच्याच हातानं करावी लागते, नाहीतर झाड रुसतं. आजवर आईला हे कोणी कळवलं नाही, चूक माझी. आता मी कळवते, आणि आई येत्या रविवारी येईल. रविवारी फोन नाही, आईच. तिचा विश्वास बसला. तू उन्हाळ्याच्या सुट्टीत तिला दहा दिवस फाटकाबाहेरून नेतेस आणि फाटकाबाहेर सोडतेस, ते वेगळं. तिला तू या बागेत हवी आहेस.

तेव्हा रविवारी ये. सकाळच्या बसनं ये, जेवायला थांब. डाळिंबाला गरज नसली तरी चार फांद्या काप, आणि पुढच्या वर्षीही लागेल असं तिच्यासमोर म्हण. ती तुझ्या गळ्यात पडेल, दिवसभर माझ्याकडे ढुंकून बघणार नाही, आणि मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत जळत राहीन. ते मी माझं बघून घेईन. तू आली नाहीस तर मी खोटी पडेन, तेही सोसेन. पण मग ती तुझी वाट बघायची थांबेल, हळूहळू माझ्याकडे वळेल. दोन वर्षं मला हेच हवं होतं. आता मला ती तशी मिळायला नको आहे.

तुझीच म्हणवत नाही, पण रविवारी तुझी वाट बघणारी,
मी