मासे सोडले ते तीन महिने

११ नोव्हेंबर २०२४, सोमवार. सकाळी ६.४०
चाळीच्या संडासात, दोन नंबरच्या. त्याची कडी नीट लागते. मोबाइलच्या उजेडात पुन्हा बघितलं. लघवीच्या जागी, पुढच्या कातडीच्या कडेला पांढरट डाग. तुरीच्या अर्ध्या डाळीएवढा. चमकतो. दुखत नाही, खाजत नाही. दिवाळीत दिसला तेव्हा साबणाचा फेस सुकला असेल म्हणून सोडून दिलं होतं.
बाहेरून महाडिककाका : "अरे, पेपर वाचतोस काय आत? आमचंपण पोट आहे!"
कोणत्याही बाईशी माझा संबंध आलेला नाही. हे इथे लिहून ठेवतो. पुढे कोणी विचारलं तर.

१४ नोव्हेंबर, गुरुवार
दिवसभर लग्नपत्रिकांची प्रुफं तपासली. दुकानातल्या शब्दकोशात 'शिश्न' शब्द बघितला आणि शेठ आले म्हणून पान उलटलं. अर्थ मला माहीतच होता. का बघितला, कळत नाही.
आता लिहूनच टाकतो. हे कोड आहे. कोजागिरीच्या दुपारी सुरमई खाल्ली आणि रात्री गच्चीवर दोन ग्लास मसाला दूध प्यायलो. आई लहानपणापासून सांगते, माशावर दूध पिऊ नये, कोड उठतं. आणि आमच्या घरात ते आहेच. गावच्या मावशीच्या ओठांवर, दोन्ही हातांवर. तिचं लग्न झालं नाही.
आजपासून मासे बंद, दूध बंद.
कोणालाही सांगायचं नाही. सुषमासाठी स्थळं बघतायत. आधीच मावशीचं लपवावं लागतं, त्यात सख्ख्या भावाला कोड म्हटलं तर माझ्या बहिणीच्या दारात कोण उभं राहील?

१ डिसेंबर, रविवार
आईने बांगड्याचं तिखलं केलं होतं. मी डाळभात घेतला.
"कित्याक खाणस नाय? माळ घातलंस काय?"
"पोट बरं नाही."
"दोन आठवडे?"
सुषमा म्हणाली, दादाला कोणीतरी ब्राह्मणाची पोरगी भेटलीय दुकानात. सगळे हसले. बाबापण. मीही हसलो.
डाग आता अख्ख्या चवळीएवढा.

१९ डिसेंबर, गुरुवार
लालबागला सगळे ओळखतात म्हणून दादरला उतरून औषधाच्या दुकानात गेलो. बायका उभ्या होत्या. त्या जाईपर्यंत टूथपेस्टचे भाव वाचत बसलो. मग खोटं सांगितलं, जांघेत खाज आहे. त्याने न बघता ट्यूब दिली. "लाव दोन टाइम, मख्खन होईल."

१२ जानेवारी २०२५, रविवार
ट्यूबने आठ-दहा दिवस बरं वाटलं. मग भगभग. आता कातडी मागे जात नाही. सकाळी जोर केला तर चीर पडली, रक्त आलं. लघवीची धार दोन ठिकाणी फुटते. बसून करतो.
मासे सोडून दोन महिने. डाग हटला नाही, पसरला. मग मासे सोडून काय मिळालं?
शुक्रवारी परळला मोठ्या सरकारी हॉस्पिटलपर्यंत गेलो होतो. पाटीवर 'त्वचा व गुप्तरोग'. दुसरा शब्द वाचला आणि परत फिरलो. दुकानात उशीर, शेठ बोलले.
माझं काहीच नीट होणार नाही असं वाटतं. बारावी नाही, स्वतःची खोली नाही, आणि आता हे.

२ फेब्रुवारी, रविवार
सुषमाला बघायला वरळीचे लोक आले. मावशी डोळे दाखवायला पंधरा दिवसांसाठी आलीय. सकाळीच आईने तिला सांगितलं, जरा बाजूच्या महाडिकांकडे बस. मावशी ओढणी घेऊन गेली. हात झाकायला.
मुलाच्या आत्याने विचारलंच : "घराण्यात काही? कोड, फिट?" आई म्हणाली, छे हो. मी पोह्यांच्या बश्या धरून उभा होतो.
नंतर मावशीला चहा द्यायला गेलो. ती म्हणाली, "तू मासे सोडलंस, ता आवशीन सांगल्यान. खय उठला तुका?"
मी खाली बोट केलं फक्त.
तिने बघितलंच नाही माझ्याकडे. चहात बघत म्हणाली, "मी सात वर्सा मासो तोंडात घालूक नाय. सात. डाग थयच ऱ्हवले. माझ्यावांगडा डॉक्टराकडे कोण येवक नाय. तू जा. लाज दारात ठेव नि भुतूर जा."
आणि मग : "बशी दी. चाय थंड झाली."

४ फेब्रुवारी, मंगळवार
गेलो. साडेसातपासून रांगेत. सगळे जमिनीकडे बघतात, त्यामुळे कोणी कोणाला ओळखत नाही.
डॉक्टरांनी पडदा ओढला, हातमोजे घातले, दोन मिनिटं बघितलं. मी भिंतीवरचं घड्याळ बघत होतो.
"कोड नाही हे. कोडात रंग जातो, कातडी मऊच राहते. ही कागदासारखी झालीय, आवळतेय. कोणाला लागत नाही, कोणाकडून आलेलं नाही. कधीपासून?"
"दिवाळीपासून."
"तीन महिने! अहो, दोन आठवड्यांत गेलं नाही की यायचं. चीर पडली, रक्त आलं, तर वाट बघायचीच नाही. लघवी अडली तर त्याच घटकेला. इतके दिवस केलंत काय?"
ट्यूब दाखवली. ते ओरडले. मासे सोडल्याचं सांगितलं नाही.
साखर तपासायला रक्त घेतलं. मलम लिहून दिलं, बहुतेक आटोक्यात येईल म्हणाले. पण एका बाजूला टणक लागतंय, तिथला तुकडा काढून तपासायचा.
मी विचारलं, कॅन्सर?
"बहुतेक नाही. पण बघितल्याशिवाय मी सांगणार नाही. येताना घरचं कोणी आणा."
बहुतेक.
तीन महिने ज्याला घाबरलो ते नव्हतंच. घरी येताना वाटलं, कोडच असतं तर बरं.

११ फेब्रुवारी, मंगळवार
तुकडा काढला. सुई टोचली तेव्हाच काय ते दुखलं. एक टाका. साखर ठीक आहे. मावशी बाहेर बाकावर बसली होती, तीन तास, पुरुषांच्या रांगेत एकटी बाई. ओढणी मांडीवर, हात उघडे. शेजारच्या माणसाने तिचे हात बघून जागा बदलली. तिने तिथे माझी पिशवी ठेवली.
घरी सांगितलं, तिच्या डोळ्यांसाठी गेलो होतो.

२२ फेब्रुवारी, शनिवार
वरळीचा होकार आला. आई पेढे वाटत फिरतेय. पत्रिका मीच बनवणार, शेठ कागद स्वस्तात देतो म्हणाले. सुषमा रंग दाखवत होती, हा की तो. मला काहीच दिसत नव्हतं.
रिपोर्ट सोमवारी. मावशी गावी गेली. फोनवर म्हणाली, "एकलो जाव नको. बापाशीक सोबत घी." तिला म्हटलं, वाईट निघालं तर? ती म्हणाली, तरी बापाशीक घीच.
मलमाने चीर भरलीय. टणक आहे तसंच आहे. रोज हात लावून बघतो, डॉक्टर नको म्हणाले तरी. लग्नाच्या घरात हे घेऊन मी कुठे जाऊ?
आत्ता बाबा गॅलरीत पेपर वाचत होते. विचारलं, सोमवारी सकाळी मोकळे आहात का.
"कशाला?"
"परळला हॉस्पिटलमध्ये जायचंय. माझं काम आहे."
बाबांनी चष्मा काढला. आत आई कोणाला तरी तारीख सांगत होती.
"किती वाजता?"
"साडेसातला रांग लागते."
"मग साडेसहाला निघू."
एवढंच झालं. बाकीचं अजून सांगितलेलं नाही.