परसातला मांडव

जामनगर
ता. ९ मे १९९९

चि. मोहिनीस यादवदादाचे अ. उ. आ.

म्हणजे शेवटी नानांनी केलंच मनासारखं. होळीला चार दिवस रजा काढून आलो, हाताला फोड येईस्तोवर परसात मांडव बांधला, तो काय कांद्यानं हवा खात पडावं म्हणून? नानांनी मांडवात कांदा भरला, हे तुझ्या पत्रात वाचलं आणि जेवणाचा डबा तसाच झाकून ठेवला. खोलीतला अमीर विचारायला लागला, घरी कोण गेलं का. म्हटलं, नाय, कांदा आलाय.

नानांना नीट आठवण दे. द्राक्षबागेतले जुने अँगल वणीवरनं भंगाराच्या भावात आणले. वेल्डिंगचा खर्च नको म्हणून इथं परांचीला मारतो तशा काथ्याच्या गाठी मारल्या. वर तुराट्या, खाली मुरूम, सारवायला आई. सगळं हजाराच्या आत. एवढ्यात देवळ्यात कोणी न्हाणीघर पण बांधून देत नाय. आणि हे कशासाठी, तर डॉक्टर तुझ्यासमोर बोलले होते, आईला चुलीचा धूर आणि कांद्याची फोलं यांपासनं लांब ठेवा, मोकळ्या हवेत बसवा, नायतर दमा छातीत घर करंल. आपल्या घराला खिडकी एक, ती पण गोठ्याकडं. तरी नाना म्हणतात, एवढी खेळती हवा माणसाला कशाला पायजे.

कांदा विकून टाका म्हणावं, नायतर मी येऊन ओढून काढतो. इथं मी दिवसभर उंचावर लटकून दुसऱ्याच्या टाक्यांना परांची बांधतो, आणि माझ्या आईला टेकायला बाजेएवढी जागा नाय, हे मला पटत नाय.

राग नानांवर हाय. तुझ्यावर माया तशीच, तुझीही राहू दे.

तुझा दादा
यादव

देवळा
ता. २२ मे १९९९

ती. यादवदादास मोहिनीचा शि. सा. न.

तुझं पत्र सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. येऊन ओढून काढतो, हे मुद्दाम दोनदा वाचलं. नाना म्हणाले, ये म्हणावं, त्या निमित्तानं तरी घर दिसेल त्याला. आणि आई तर त्यांच्याच बाजूची. म्हणे, कांदा नासला तर वर्ष हातचं गेलं, माझं काय, मी ओट्यावर बसते. एवढं बोलताना ती दोनदा थांबली.

आता सगळं ठीक आहे, म्हणून पुढचं लिहिते. मंगळवारी दुपारी भाकरी थापताना आईला श्वासच मिळेना. ओट्यावर रणरणतं ऊन. नानांनी तिला उचललं आणि परसात धावले. मांडवात पाय ठेवायला जागा नाही, तट्ट्याच्या आत छातीएवढा कांदा. आईला तशीच हातावर धरून नाना उभे राहिले आणि मला म्हणाले, "तट्टा सोड. सगळा बाहेर लोट."

मी, शेजारच्या वत्सलाबाई आणि त्यांच्या दोन्ही सुना, चौघींनी मिळेल त्यानं कांदा लोटला. बाज टाकली. डॉक्टर येऊन सुई देऊन गेले. तासाभरानं आईनं डोळे उघडले आणि पहिलं वाक्य काय, तर कांद्याला ऊन लागतंय.

तेव्हापासून ती मांडवातच असते. भाकरी मी करते, ती बाजेवरून चुका काढते. वत्सलाबाईंची दुपार तिथंच जाते. सावली फिरली की नाना बाज सरकवतात. कांदा मात्र निंबाखाली, फाटक्या ताडपत्रीखाली पडलाय. आभाळ दाटलं की नाना ताटावरून उठतात. पण आईला ऊठ म्हणत नाहीत. आईच रोज म्हणते, आणा आत, मी जाते घरात. एक पाऊस झाला तर ती कोणाचं ऐकायची नाही. काहीतरी सुचव.

पत्राला उशीर करू नकोस, आणि वर चढताना पट्टा लावत जा.

तुझी
मोहिनी

जामनगर
ता. ३० मे १९९९

चि. मोहिनीस दादाचे आशीर्वाद.

बरं झाल्यावर कळवायची ही कुठली रीत? मी लय चिडलोय, पण पत्र तीनदा वाचलं. नानांना सांग, मागचं रागानं लिहिलं ते पोरानं लिहिलं असं समजा. ते दिसत राहतात मला, आईला धरून उभे.

आता ऐक. कांद्याला त्याची वेगळी चाळ बांधा. गोठ्याच्या मागं, बाजेपासनं लांब, वाऱ्याच्या तोंडाला. बूड जमिनीपासनं दोन हात वर ठेवा. मला दिवाळीपर्यंत रजा नाय, म्हणून मागच्या पानावर गाठ काढून दाखवलीय. साप काढलाय असं वत्सलाबाई म्हणतील, म्हणू देत, नानांना बरोबर कळंल. चुलत्याच्या राजूला हाताशी घ्या. आणि आईला बजाव, बाजेवरनं वीतभर जरी सरकली तरी मी मांडवाच्या गाठी सोडून तो जामनगरला आणीन.

ठेकेदाराकडनं उचल घेऊन तारेची मनिऑर्डर केलीय, पावसाच्या आधी पोचंल. आई म्हणंल, माझ्या बसण्यापायी पोरगा पैसे उधळतो. तिला सांग, तुझ्यासाठी एक पैसा पाठवला नाय. हे कांद्याच्या घराचे, रुपये बाराशे.