फुली दिसेनाशी होईपर्यंत

२२ डिसेंबर, सोमवार

नवी डायरी. धर्माबादच्या एका आडत दुकानाची भेट, कव्हरवर मिरचीचं पोतं. खरं तर पुढच्या वर्षाची आहे, पण विज्ञानाच्या माणसाने निरीक्षण उद्यावर ढकलू नये. म्हणून सुरुवातीच्या कोऱ्या पानांवर आजच श्रीगणेशा.

संकल्प तीन. एक, हायपोच्या प्रयोगावरचा माझा संशोधन निबंध पूर्ण करणे. दोन, लॅबच्या बंद एक्झॉस्ट फॅनचा अर्ज प्राचार्यांना देणे. तीन, न चिडणे.

मडिवाळप्पा मामा येळवस, म्हणजे वेळ अमावास्या, करून उदगीरकडच्या त्यांच्या गावाहून परत आले. माझ्यासाठी डब्यात भज्जी, म्हणजे भाज्या-शेंगांची मिसळ, अन् बाजरीचे उंडे. मामा आमच्या लॅबचे अटेंडंट, तेवीस वर्षांपासून. रिटायरमेंटला सव्वा वर्ष. दमा आहे, वरच्या खिशात पंप असतो. डबा देता देता म्हणाले, सर, तेवढं पंख्याचं बघा की, लई ठसका लागून राहिलाय. मी त्यांना संकल्प क्रमांक दोन वाचून दाखवला. त्यांना बरं वाटलं असावं.

भज्जी उत्तम.

२४ डिसेंबर, बुधवार

अर्जाचा मसुदा केला. हा अकरावा. पहिला सहा वर्षांपूर्वीचा, तो फारच मवाळ होता. चौथा जरा उद्धट झाला होता. आजचा बरोबर जमलाय, फक्त 'महोदय' लिहावं की 'मा. महोदय' हे ठरत नाही. ड्रॉवरमध्ये ठेवला. घाईत दिलेला अर्ज म्हणजे न दिलेला अर्ज.

३ जानेवारी, शनिवार

बारावी सायन्सच्या पटावर एकशे अठरा मुलं. वर्गात एक. लुंबिनी. बाकीची एकशे सतरा लातूरला क्लासेसमध्ये. नाव हिमायतनगरला, पोरगं लातूरला, ही आता रीतच आहे. लुंबिनीही गेली होती, महिन्याभरात परत आली. म्हणे तिथे नुसते प्रश्न सोडवतात, प्रयोग करायला मिळत नाहीत. इथे मिळतात असं तिला कोणी सांगितलं, देव जाणे.

आज तिने मामांना गाठून हायपोचा प्रयोग केला. सोपा आहे. कागदावर काळी फुली काढायची, तिच्यावर फ्लास्क ठेवायचा. फ्लास्कमध्ये हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेटचं द्रावण, त्यात अ‍ॅसिड ओतायचं. पाणी हळूहळू दुधासारखं होतं. वरून बघत राहायचं. फुली दिसेनाशी झाली की स्टॉपवॉच थांबवायचं. झालं.

तिचं रीडिंग चौऱ्याहत्तर सेकंद. माझ्या मॉडेल जर्नलमध्ये बावन्न आहे. गेली वीस वर्षं प्रत्येक मुलाला बावन्नच आलेलं आहे, कारण सगळे माझ्या जर्नलवरूनच उतरवतात. मी तिला समजावलं, तुझं चुकलं. ती म्हणाली, सर, तुम्ही कोणत्या महिन्यात केलं होतं? आठवलं, मे महिन्यात. ती म्हणाली, मग बरोबर हाय सर, आता थंडी हाय, थंडीत येळ लागतोच.

मुलीत जिज्ञासा आहे, नम्रता कमी.

जाता जाता म्हणाली, वास लई येतोय, गंधकाचा धूर हाय हा, मामा तिकडं खोकून राहिलेत. तिने खिडक्या उघडल्या. मी म्हणालो, एका फ्लास्कमधून निघणारा वायू नगण्य असतो. आकडेमोड करून दाखवली. खोकला मामांना धुळीनेही येत असेल.

५ जानेवारी, सोमवार

मॉडेल जर्नलचे फोटो लातूरच्या ग्रुपवर टाकले. आठवण दिली की दक्षता क्रमांक चार कोणीही गाळू नये. 'प्रयोग हवेशीर खोलीत करावा.' ही ओळ पुस्तकात नाही, माझी आहे. इतर कॉलेजांच्या जर्नलमध्ये तीनच दक्षता असतात.

संशोधन निबंधाचं शीर्षक ठरलं. मजकूर या आठवड्यात.

८ जानेवारी, गुरुवार

मामा म्हणाले, सर, तुम्ही नुसतं स्टूल धरा, मीच चढून बघतो पंख्याला काय झालंय ते. मी साफ नकार दिला. पडले बिडले तर जबाबदारी माझी. शिवाय विजेचं काम, ते इलेक्ट्रिशियननेच करावं, त्यासाठी अर्ज, त्यावर मंजुरी, मग काम. मला माझ्या माणसाच्या जिवाची काळजी आहे.

मामा स्टूल घेऊन परत गेले. हल्ली जिना चढून आले की आधी बसतात, मग बोलतात. वय.

१३ जानेवारी, मंगळवार

कॉपीमुक्त अभियानाचं पत्र आलं. प्राचार्यांनी विचारलं, प्रॅक्टिकलला काय बंदोबस्त करणार? मी उभा राहिलो. म्हणालो, लॅबच्या पाचही खिडक्यांना खिळे मारून टाकतो, बाहेरून चिठ्ठीच काय, माशी आत येणार नाही. प्राचार्य म्हणाले, याला म्हणतात इनिशिएटिव्ह.

दुपारीच सुतार आणला. पाच खिडक्या, वीस खिळे. मामा खालून बघत होते.

अर्ज द्यायची हीच वेळ होती, प्राचार्य खूश होते. पण खूश माणसासमोर तक्रार नेली तर रंगाचा बेरंग होतो.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. मामांनी तीळगूळ दिला, वर रजेचा अर्ज. नांदेडच्या छातीच्या डॉक्टरची तारीख २९ जानेवारी आहे, औषध बदलून द्यायचंय, पंपही संपत आलाय. २९ लाच आपलं प्रॅक्टिकल. मी म्हणालो, मामा, तुमच्याशिवाय लॅब चालेल का? ३० ला जा, मी स्वतः सही करतो. ते म्हणाले, हाव सर.

न चिडता काम होतं ते असं. संकल्प तीन यशस्वी.

२० जानेवारी, मंगळवार

लातूरच्या क्लासवाल्यांनी मुलांना एकच दिवस सोडायचं कबूल केलंय. एकशे अठरा मुलं, तीन बॅचेस, एक दिवस. बाहेरून येणाऱ्या परीक्षकांना संध्याकाळी नांदेडला परत जायचंय. प्राचार्य डोक्याला हात लावून बसले. मला मात्र तिथल्या तिथे सुचलं.

अभिक्रियेचा वेग कशाने वाढतो? तापमानाने आणि तीव्रतेने. मग हायपो गरम करून ठेवायचं. अ‍ॅसिड नेहमीपेक्षा तिप्पट कडक करायचं. चाळीस मुलांची बॅच दहा मिनिटांत मोकळी. पुस्तकातलं ज्ञान जगण्यात उतरवणं म्हणतात ते हेच. संशोधन निबंधाला दुसरा भाग मिळाला.

२८ जानेवारी, बुधवार

रंगीत तालीम. गरम हायपो, कडक अ‍ॅसिड. फुली नऊ सेकंदांत गायब! चौऱ्याहत्तरवरून नऊ. मी अक्षरशः टाळी वाजवली. मामा तोंडाला रुमाल लावून दाराबाहेर जाऊन उभे राहिले. लुंबिनी आली होती, म्हणाली, सर, वेग वाढला तर धूरबी तितक्याच वेगानं निघंल की. चाळीस फ्लास्क एकदम हायेत उद्या. अन् खिडक्या बंद.

मी विचारलं, दक्षता किती? ती म्हणाली, चार. चौथी कोणती? तिने बरोबर सांगितली. मग म्हणालो, पाठ आहे ना, मग घाबरायचं काय.

जाताना तिने एका खिडकीचा खिळा ओढून बघितला.

२९ जानेवारी, गुरुवार

सकाळी ७.४०. लातूरहून मुलांच्या गाड्या आल्या. बरीचशी पोरं मला पहिल्यांदाच बघत होती. एकाने विचारलं, काका, लॅब कुठं आहे?

११.१५. पहिल्या बॅचचा प्रयोग अकरा मिनिटांत संपला, बाकी वेळ तोंडी परीक्षेत. परीक्षक चकित. बेसिन तुंबलंय, म्हणून मामा सगळे फ्लास्क कोपऱ्यातल्या एका बादलीत रिकामे करून राहिले. थोडा वास. डोळे चुरचुरतात. मुलांनी कुरकुर केली, पण शिस्त टिकली.

१.३०. दुसरी बॅच साडेदहा मिनिटं. विक्रम. परीक्षक व्हरांड्यात जाऊन बसले, त्यांना म्हणे मोकळ्यावरच बरं वाटतं. बादली भरत आली. मामांना म्हटलं, ओतून या. ते म्हणाले, थोडं दम घेऊन जातो सर. ठीक आहे म्हटलं.

संध्याकाळी ६. तिसऱ्या बॅचमध्ये व्यत्यय आला. ३.१० वाजता मामा बादलीशेजारी स्टुलावर बसले. पंप दाबला, नुसती हवा आली. परत दाबला. माझ्या हातात स्टॉपवॉच चालू होतं, मी खुणेने सांगितलं, दोन मिनिटं बसा. लुंबिनीने फ्लास्क तसाच टाकला, लोखंडी स्टँड उचलला आणि खिडकीची काच फोडली. मग दुसरी. मग मामांना धरून दाराकडे ओढायला लागली आणि ओरडली, सर, दार उघडा की! दाराला आतून मीच कडी लावलेली होती. बंदोबस्त म्हणून.

मामांचे ओठ निळे पडले होते. गाडी करून नांदेडला नेलं. त्यांची बायको, केवळाबाई, बरोबर गेल्या.

नुकसान : दोन काचा.

३० जानेवारी, शुक्रवार

मामा ऑक्सिजनवर आहेत. बोलत नाहीत. धोका टळला असं मला वाटतं. नांदेडचे डॉक्टर चांगले असतात. डॉक्टरला दाखवायचंच होतं, एका अर्थी तेही झालं.

प्राचार्यांनी विचारलं, फॅन बंद होता तर तुम्ही कधी कळवलं का नाही? मी म्हणालो, सहा वर्षांपासून पाठपुरावा करतोय. ते म्हणाले, एकही अर्ज आलेला नाही. मी ड्रॉवर उघडला. अकरा मसुदे. एकावरही आवक क्रमांक नाही. प्राचार्यांनी वरचा वाचला. म्हणाले, भाषा चांगली आहे.

उद्या नांदेडला जाणार. नक्की.

३१ जानेवारी, शनिवार

गेलो नाही. मार्क ऑनलाइन भरायचे होते. सगळ्यांना तीसपैकी तीस. लुंबिनीचा प्रयोग अपूर्ण, तिला सव्वीस. नियम तो नियम. सोमवारी पहिल्या गाडीने नांदेड.

२ फेब्रुवारी, सोमवार

पहाटे मामा गेले.

३ फेब्रुवारी, मंगळवार

मामांना माती उदगीरकडे, त्यांच्या गावी. लुंबिनी आणि तिची आई गेल्या. स्टाफही निम्मा गेला. मी निघालो होतो, स्टँडपर्यंत गेलो. गाडी लागलेली होती. ती सुटेपर्यंत बाकड्यावर बसून होतो.

त्यांना दम्याचा जुना त्रास होता. हे सगळ्यांना माहीत आहे. मलाही होतं.

५ फेब्रुवारी, गुरुवार

सोमवारी चौकशी समिती येणार. प्राचार्यांनी सत्यम इलेक्ट्रिशियनला पाठवलं. अर्ज नाही, मंजुरी नाही. तो मामांच्याच स्टुलावर चढला, म्हणाला, सर जरा धरा. मी स्टूल धरलं. त्याने जाळी काढली, आत हात घातला, आणि काड्या, कापूस, दोऱ्यांचं एक जुनं चिमणीचं घरटं बाहेर काढलं. एक वायर निसटली होती ती खोचली. म्हणाला, बटन दाबा.

फॅन सुरू झाला.

खिशात स्टॉपवॉच होतं. तो चढला तेव्हा का कोण जाणे, सवयीने दाबलं होतं. सात मिनिटं चाळीस सेकंद.

९ फेब्रुवारी, सोमवार

समितीसमोर मी एकशे अठरा जर्नल्स नेऊन ठेवली. माझ्या बाजूचा पुरावा. विद्यार्थ्यांना सुरक्षिततेची जाणीव मी करून दिली होती की नाही, हे त्यात लेखी आहे. समितीतल्या बाई एकेक उघडून दक्षता क्रमांक चार मोठ्याने वाचू लागल्या. प्रयोग हवेशीर खोलीत करावा. प्रयोग हवेशीर खोलीत करावा. सहाव्या जर्नलनंतर थांबल्या. म्हणाल्या, म्हणजे तुम्हाला माहीत होतं.

शेवटचं जर्नल लुंबिनीचं निघालं. तिने चौथी दक्षता लिहिलीच नव्हती. ती जागा कोरी होती. खाली माझी सही. सही करताना मी ते पाहिलं नव्हतं.

दुपारी केवळाबाई मामांचं सामान न्यायला आल्या. डबा, चपला, खुंटीवरचा खाकी शर्ट. डबा तोच, भज्जीचा. मी तो धुवून ठेवला होता. त्या लॅबमध्ये उभ्या राहिल्या आणि वर बघितलं. फॅन घरघरत होता. फुटक्या तावदानांतून वारा येत होता. वास अजिबात नव्हता.

त्या म्हणाल्या, रोज घरी आल्यावर ह्याच पंख्याचं सांगायचे. सर अर्ज देऊन राहिलेत, व्हईल म्हणायचे. कवा सुरू झाला हा?

गुरुवारी, मी म्हणालो.

किती येळ लागला वो दुरुस्तीला?

रीडिंग माझ्याकडे होतं, सेकंदापर्यंत बरोबर. वीस वर्षांत मी स्वतः घेतलेलं एकमेव खरं रीडिंग. मी म्हणालो, बराच वेळ लागला, वहिनी.

त्यांनी मान हलवली. म्हणाल्या, मंग बरोबर हाय. अन् डबा पिशवीत घालून गेल्या.